झाकली मूठ किती किलोची?



आपल्या मराठीने मोजमापाचं बरंचसं काम हातावर सोपवलं आहे. ओंजळभर फुलं, पसाभर धान्य, मूठभर तांदूळ, चिमूटभर मीठ. वजनकाटा घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून आपली सगळी मापं आपल्या दोन हातांत होती. पण जो हात सगळ्या जगाचं माप काढतो, त्याचं माप कोणी काढायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती किलोत किती, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

हे माप निघतं, अगदी सोप्या यंत्राने निघतं आणि ते कामाचं आहे. म्हणून या महिन्यात मोबाइल, ॲप आणि एआय बाजूला ठेवून मुठीबद्दल बोलू या.

मूठ मोजण्याचं वेड तसं जुनं आहे. १७९८ साली पॅरिसच्या एदमे रेन्ये यांनी स्प्रिंगचा एक शक्तिमापक तयार केला. पोलादी पट्टीची लंबगोल कडी दाबायची आणि काटा किती सरकला ते बघायचं. पुढे १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गॅल्टन यांनी आपली मोजमापाची प्रयोगशाळा थाटली. तीन पेनी द्या आणि उंची, वजन, नजर, फुप्फुसाची ताकद मोजून घ्या. त्या यादीत मुठीची ताकदही होती. नऊ हजारांहून जास्त लोकांनी पदरचे पैसे देऊन स्वतःला मोजून घेतलं. आज आपण मनगटावर घड्याळ बांधून पावलं मोजतो, त्यातलाच हा प्रकार.

आज दवाखान्यात जे यंत्र प्रमाण मानलं जातं त्याचं नाव जामर डायनॅमोमीटर. १९५० च्या दशकात आलेलं हे यंत्र तेलाच्या दाबावर चालतं. त्याची मूठ पाच जागी सरकवता येते, म्हणजे लहान-मोठ्या हाताप्रमाणे लावून घेता येते. बहुतेक वेळा दुसरी जागा वापरतात. चिमटीची ताकद मोजायला वेगळं छोटं यंत्र असतं, पिंच गेज. ते साधारण तळहातावर मावतं.

चिमूट एक नाही, तीन

मुठीपेक्षा चिमूट मला जास्त मजेशीर वाटते, कारण ती तीन तऱ्हांची असते.

पहिली टोकाची चिमूट. अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक. जमिनीवर पडलेली टाचणी उचलायची, सुई धरायची, ती ही चिमूट. आपल्या भोपाळच्या जुन्या शहरात जरदोजीचे बटवे करणारे कारागीर तासन् तास सुई धरतात ती हिच्याच जोरावर.

दुसरी किल्लीची चिमूट. तर्जनीच्या कडेवर अंगठा दाबून धरायचा. कुलपात किल्ली फिरवताना हात आपोआप असाच होतो. तिघींमध्ये ही सहसा सगळ्यात ताकदवान.

तिसरी तीन बोटांची. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. रांगोळीची चिमूट आपण साधारण अशीच धरतो. उकडीच्या मोदकाच्या कळ्या काढतानाही हीच बोटं कामाला लागतात.

ही ताकद येते कुठून? मुठीची बरीचशी ताकद हातात नसतेच. बोटं वळवणारे मोठे स्नायू कोपराखाली, कोपर ते मनगट या भागात असतात. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. कठपुतळीच समजा. आता वाचता वाचता एक प्रयोग करून बघा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मग घट्ट मूठ वळा. वळता येत नाही ना नीट? मनगट किंचित मागे घेऊन पुन्हा वळा. लगेच फरक कळेल. मनगट आत वाकलं की दोऱ्या सैल पडतात आणि स्नायूंना ओढायला जागा उरत नाही. चिमटीत मात्र तळहातातल्या छोट्या स्नायूंचा वाटा मोठा असतो, विशेषतः अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या त्या गुबगुबीत उंचवट्याचा. म्हणून मूठ शाबूत आणि चिमूट कमजोर, असंही होऊ शकतं. दोन्ही वेगवेगळ्या मोजतात त्या यासाठीच.

नॉर्मल म्हणजे किती?

आता आकडे. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी आणि आसपासच्या भागात व्हर्जिल मॅथिओवेट्झ आणि सहकाऱ्यांनी ३१० पुरुष आणि ३२८ स्त्रियांच्या मुठी आणि चिमटी मोजल्या. वय २० ते ९४. सगळ्यांना बसवलं एकसारखं, सूचना दिल्या एकसारख्या. हे तक्ते आजही जगभरचे फिजिओथेरपिस्ट वापरतात.

त्यात २० ते २४ वयाच्या पुरुषांच्या उजव्या हाताची सरासरी पकड सुमारे ५५ किलो आहे, त्याच वयाच्या स्त्रियांची सुमारे ३२ किलो. ७० ते ७४ वयाच्या पुरुषांची साधारण ३४ आणि स्त्रियांची २२-२३. पकड सगळ्यात जास्त भरली ती २५ ते ३९ या वयात. म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्या-माझ्या पिढीचा हा शिखराचा काळ. इथून पुढे उतार आहे, तेव्हा जी शिल्लक साठवायची ती आत्ताच. चिमूट जरा जास्त निष्ठावान निघाली. ती २० पासून ५९ पर्यंत जवळपास तेवढीच राहते आणि साठीनंतर हळूहळू उतरते. किल्लीची चिमूट पुरुषांत साधारण १२ किलोच्या आसपास आणि स्त्रियांत ८ च्या आसपास असते.

पण थांबा. स्वतःची मूठ मोजून लगेच मिलवॉकीच्या तक्त्याशी ताडून बघू नका. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट पहिल्यांदा शिकतो. दुसऱ्याच्या मशीनवरचा बेंचमार्क आपल्या मशीनला लावायचा नसतो. २०१६ साली २१ देशांतल्या सव्वा लाख निरोगी प्रौढांच्या पकडीचे आकडे एकत्र प्रसिद्ध झाले. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या लोकांची पकड सगळ्यात जास्त आणि दक्षिण आशिया, आग्नेय आशिया, आफ्रिका इथल्या लोकांची सगळ्यात कमी, असं त्यात दिसलं. चीन, दक्षिण अमेरिका, मध्यपूर्व मधे कुठेतरी. तेव्हा भोपाळच्या तिशीतल्या माणसाची पकड ४० किलो भरली तर मिलवॉकीचा तक्ता त्याला कमजोर म्हणेल, पण त्याने लगेच घाबरून जायचं कारण नाही.

मग आपल्याकडे कोणी मोजलंय का? मोजलंय, आणि ते काम आपल्याच शहरात झालंय. बैरसिया रोडवर नबीबागला केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. आपल्यातले कित्येक जण तिच्या फाटकावरून गेले असतील. देशभरातल्या शेतमजुरांच्या, स्त्रिया आणि पुरुष दोघांच्याही, शरीराची मापं घेण्याचा मोठा प्रकल्प या संस्थेने चालवला. उंची, हाताची लांबी, तळहाताची रुंदी अशी ७९ मापं आणि ताकदीची १६ मापं. त्यात मुठीची पकडही आली. डॉ. एल. पी. गिते आणि सहकाऱ्यांचं हे संकलन २००९ साली संस्थेने पुस्तकरूपात काढलं.

शेतीची अवजारं बनवणाऱ्यांना मुठीशी काय करायचंय? सगळंच! फवारणी पंपाचा दांडा, ट्रॅक्टरचा लिव्हर, विळ्याची मूठ, हे सगळं कोणाच्या तरी हातात जाणार असतं. तो हात सरासरी पुरुषाचा धरून चाललं, तर बाईला ते अवजार दिवसभर आवळून धरावं लागतं. मिलवॉकीच्या तक्त्यातसुद्धा स्त्रियांची पकड पुरुषांच्या साठ टक्क्यांच्या घरात आहे. निंदणी, कापणी, लावणी ही कामं तर बहुतेक बायकाच करतात. म्हणून डिझाइन करताना सरासरीपेक्षा सगळ्यात कमी ताकदीच्या हाताकडे आधी बघावं लागतं. त्या हाताला जे जमेल ते सगळ्यांनाच जमेल. याच संस्थेचा ‘नवीन’ नावाचा दातेरी विळा आणि मक्याचे दाणे सोलायची छोटी नळी, ही हातात धरून वापरायची साधनं अशाच विचारातली आहेत. ॲपमधलं बटण कोणाच्या बोटाला पोचत नाही यावर मीटिंगमध्ये तासभर वाद घालणाऱ्या आमच्यासारख्यांना यात शिकण्यासारखं खूप आहे.

एवढं मोजून करायचं काय?

हा प्रश्न आमच्या बाबांनीही विचारला होता. भेलमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. “टर्बाइनच्या नटांना पाने लावलेत या हातांनी, तू मला काय मोजतोस?” तरीही त्यांनी यंत्र हातात घेतलं. उजव्या हाताचे तीन आकडे आले २४, २५ आणि २४. बाबा यंत्राकडेच संशयाने बघू लागले.

आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये स्नायूंच्या क्षीणतेसाठी एक रेषा ठरवली आहे. पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा कमी किंवा स्त्रीची १८ पेक्षा कमी असेल, तर पुढे तपासणी करावी. म्हणजे बाबा रेषेच्या खाली होते. आणि मग घरातल्या आम्हा सगळ्यांना एकेक गोष्ट जुळवता येऊ लागली. गेली दोन वर्षं ते भाजीची पिशवी सायकलला अडकवून आणत होते, हातात धरून नाही. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकत होते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत जाणं त्यांनी ‘तिथे फार गरम होतं’ म्हणून बंद केलं होतं. आम्ही सगळ्याला ‘वय झालं’ हे एकच उत्तर देऊन मोकळे होतो.

आईचं तर त्याहून वेगळंच. तिची मूठ तिच्या वयाच्या मानाने ठीक भरली. पण ज्या फिजिओथेरपिस्टकडे आम्ही दोघांना नेलं, त्यांनी पिंच गेज हातात दिलं तेव्हा उजव्या हाताची चिमूट डाव्या हातापेक्षाही कमी आली, आणि दाबताना तिचा चेहरा वाकडा झाला. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला होता. गणपतीला मोदक साच्यातले व्हायला लागून तीन वर्षं झाली होती. “हल्ली कळ्या मोजत कोण खातं,” असं ती म्हणायची आणि आम्हाला ते पटायचं. कळ्या काढताना अंगठा दुखतो, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

माणसं ताकद गेल्याचं बोलून दाखवत नाहीत. ती काम सोडून देतात आणि सोडण्याला एक बरंसं कारण शोधून ठेवतात. झाकली मूठ ती हीच. यंत्राचा आकडा कारण ऐकून घेत नाही, म्हणून तो कामाचा.

आणि हा आकडा फक्त हाताबद्दल बोलत नाही. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात १७ देशांतल्या ३५ ते ७० वयाच्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजून पुढची साधारण चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. भारतही त्यात होता. पकड दर ५ किलोने कमी, तर कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असं दिसलं. वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षाही पकडीचा आकडा याबाबत जास्त सांगून गेला. आपल्या देशात ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांचं जे मोठं सर्वेक्षण मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलं, त्याच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीतही घरोघरी जाऊन पकड मोजली गेली ती उगीच नाही.

मात्र इथे एक गल्लत होते. हे वाचून कोणी लगेच रबरी बॉल किंवा स्प्रिंगचा ग्रिपर ऑनलाइन मागवेल आणि टीव्ही बघत दाबत बसेल. त्याने आकडा थोडा वाढेल, आयुष्य नाही. आम्ही सर्व्हर चालू आहे का बघायला पिंग करतो. उत्तर उशिरा यायला लागलं तर पिंगची कमांड बदलून काही होत नाही, सर्व्हरमध्ये काय बिघडलंय ते बघावं लागतं. मूठ ही तशी पिंग आहे. ती सगळ्या शरीराच्या स्नायूंची, खाण्यापिण्याची, हालचालीची खबर देते. उपाय सगळ्या शरीरालाच करायचा असतो.

तो उपाय काही गुपित नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. आपण बडा तालाबच्या कडेने चालतो आणि व्यायाम झाला म्हणतो. चालणं उत्तमच, पण हा दुसरा भाग त्यात येत नाही. पासष्टीच्या पुढे तर तोल आणि ताकद सांभाळणारे व्यायाम आठवड्यात तीन दिवस सांगितले आहेत. प्रथिनांचंही तसंच. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ६० किलोच्या माणसाला जवळपास ५० ग्रॅम. संध्याकाळी नुसता मऊ भात आणि पातळ वरण घेणाऱ्या आपल्या आजी-आजोबांच्या ताटात ते किती जातं, एकदा हिशोब करून बघा.

बाबांसाठी फिजिओथेरपिस्टनी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं आणि जिना, एवढंच दिलं. सहा महिन्यांनी आकडा २७ आला. रेषा अजून ओलांडलेली नाही, पण पिशवी सायकलवरून हातात आली आहे. आईला अंगठ्याचा पट्टा आणि जाड मुठीची सुरी मिळाली. सांधा नवा होणार नाही, दुखणं मात्र कमी झालं. मोदकांच्या कळ्या यंदा आम्ही दोघा भावंडांनी काढल्या. त्या कशा झाल्या, हे इथे लिहिण्यासारखं नाही!

घरी मोजायचं असेल तर

डिजिटल यंत्रं आता काही हजार रुपयांत मिळतात. दवाखान्यातल्या यंत्राइतकी ती काटेकोर नसतील, पण तेच यंत्र, तीच पद्धत आणि तोच हात ठेवला तर बदल नक्की कळतो.

खुर्चीत ताठ बसा, पाय जमिनीवर टेकलेले. दंड अंगालगत, कोपर काटकोनात, अंगठा वरच्या दिशेला. हात खुर्चीच्या दांडीवर टेकवू नका. तीन-चार सेकंद पूर्ण जोराने दाबा, पण श्वास रोखू नका. मधे थोडी विश्रांती घेऊन प्रत्येक हाताने तीनदा करा आणि सरासरी काढा. तारीख, वेळ आणि हात, तिन्ही लिहून ठेवा. नाही तर सहा महिन्यांनी नुसत्या आकड्याचा अर्थ लागत नाही. उजवखोऱ्या माणसाचा उजवा हात साधारण दहा टक्के जास्त भरतो. डावखोऱ्यांचे दोन्ही हात बहुधा बरोबरीत असतात. हाताची, डोळ्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, हृदयविकार असेल किंवा रक्तदाब ताब्यात नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर लावू नका.

आणि आपल्या वयाच्या कीबोर्डवाल्यांसाठी दोन शब्द. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, वस्तू हातातून निसटत असतील, तर तो मनगटात दबलेल्या नसेचा निरोप असू शकतो. अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागेपर्यंत वाट बघू नका. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात २० ते ३४ वयाच्या २३७ तरुणांची पकड मोजली, तेव्हा तिशीच्या आतल्या पुरुषांची पकड १९८५ च्या तक्त्यापेक्षा चांगलीच कमी भरली. आपल्या राज्याने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला. पेशव्यांच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी ज्या विद्येला पुन्हा उभं केलं, तिची सुरुवातच पकडीपासून होते. आपण मात्र दिवसभर दोन अंगठ्यांनी काच चोळतो.

म्हणून एक सुचवतो. मंडळाच्या पुढच्या स्नेहसंमेलनात, जेवणाच्या रांगेशेजारी एक टेबल मांडू या. एक यंत्र, एक वही आणि दोन उत्साही तरुण पोरं. आजोबांपासून कॉलेजच्या मुलांपर्यंत ज्यांना हवं त्यांची मूठ मोजायची, आकडा चिठ्ठीवर लिहून त्यांच्याच हातात द्यायचा, आणि दर वर्षी तेच करायचं. बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यात मोठ्या आकड्याला देऊ नका. गेल्या वर्षीपेक्षा ज्याचा आकडा सगळ्यात जास्त वाढला त्याला द्या. यंत्र मी घेऊन येतो. वही सांभाळायला कोण येतंय, ते कळवा.